गिटारचा आवाज कशात असतो?

हर्णे बंदरावरच्या एखाद्या घरात पोराने गिटारचा हट्ट धरला, तर आईबापांनी निदान रंगाच्या चकाकीला पैसे मोजू नयेत. नुसती तार फारसा आवाज करीत नाही. तुणतुण्याची तार खालचे कातडे हलवते, तशी गिटारची तार पुढची फळी हलवते, आणि खरे मोल त्या फळीचे. १८६२ साली स्पेनमधल्या आंतोनिओ द तोरेस या कारागिराने गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. पुढची फळी तेवढी चांगल्या लाकडाची ठेवली. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

फळी हलकी पण ताठ असली की आवाज मोकळा येतो. प्लायवूडची फळी कमी हलते, आवाज दबतो. पण आपल्या पावसाळी, दमट हवेत अखंड लाकूड फुगते, वाकते. प्लायवूड तग धरते. शिकाऊ पोराला तेच बरे, असे आमचे मत.

पोलादी तार खणखणीत वाजते. मात्र खाऱ्या वाऱ्याने गंजते आणि आवाज बसतो. वाजवून झाले की कोरड्या फडक्याने पुसावी. नायलॉनची तार मऊ बोलते, बोटेही कमी सोलतात. नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधीच चढवू नयेत, ताणाने फळी उचलते.

इलेक्ट्रिक गिटारचे निराळे. तिथे चुंबक नि तांब्याचे वेटोळे पोलादी तारेचे थरथरणे टिपतात; नायलॉन मुकीच राहते.

दुकानात दोन गिटारींवर एकच सूर वाजवायला सांगावे, आणि आपण पाठ फिरवून ऐकावे.