मोडीत घालण्याआधी

दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली की नांदेड-लातूरच्या गल्ल्यांतून मोडवाल्यांच्या हातगाड्या फिरू लागतात. माळ्यावरची घंगाळं, तांब्याचे हंडे, समया, अडकित्ते, पानाचे डबे काट्यावर चढतात आणि किलोच्या भावाने जातात. वाडा पाडायला काढला असेल तर सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटीही ट्रॅक्टरमध्ये भरल्या जातात. चार पैसे हाती येतात, घर मोकळं होतं. पण त्या काट्यावर जे चढतं, ते उद्याच्या संग्रहालयातलं सामान आहे. म्हणून ही कळकळीची विनंती: या वर्षी हात जरा आवरा.

घंगाळ एकदा उजेडात धरून बघा. बाहेरच्या अंगावर ओळीने उतरलेले ठोके दिसतील, तांबटाच्या हातोडीचे. दोन बाजूंना जाड कड्या, काठ बाहेर वळवलेला, आणि काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव: कुणी दिलं, कुठल्या गावच्यांनी, कुणाच्या लग्नात. नकाशावर न सापडणारे सोयरिकीचे रस्ते अशा काठांवर वाचता येतात. शेजारच्या ट्रंकेत मोडी आणि उर्दूतले कागद निघतात, त्यांवर फसली सन असतो, कारण सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. असे कागद वाळवीला किंवा बंबाला घालण्याआधी निदान वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा.

आपल्या दोन जिल्ह्यांचा वारसा किरकोळ नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. लातूरच्या पापविनाशक मंदिरातला शिलालेख सांगतो की या नगरीत पाचशे विद्वान राहत होते. कंधारला राष्ट्रकूटांचा ‘जगत्तुंग समुद्र’ हा तलाव आहे, भुईकोट किल्ला आहे, आणि क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे अवशेष आहेत. देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यकालीन मंदिरं आहेत, औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. उदगीरच्या रणात 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. हे सगळं आपल्या मुलांना एका छताखाली, हाताने दाखवता येईल असं मांडून ठेवणं हे आपलं काम आहे, पुण्या-मुंबईचं नाही.

किल्ले आणि लेणी यांना निदान सरकारी फलक तरी लाभले. मला खरी काळजी वाटते ती वीरगळांची. गावच्या मारुतीमागे, विहिरीच्या कडेला, उकिरड्याच्या आडोशाला या शिळा उभ्या-आडव्या पडलेल्या असतात. खालच्या चौकटीत लढाई: ढाल-तलवार घेतलेला वीर, बहुतेक वेळा पायाशी गुरं, कारण गाईगुरं सोडवताना तो पडला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाला नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, ही गावाने दिलेली हमी. ती हमी देणारं गाव आपलंच. आज त्या शिळेवर धुणं आपटलं जातं, नाहीतर भक्तिभावाने ऑइल पेंट थापला जातो. दोन्हींनी दगड मरतो. रंगाखाली छिद्रं बुजतात, आत अडकलेली ओल दगडाचा पापुद्रा उचलते आणि कोरीवकाम पाटीवरच्या खडूसारखं पुसलं जातं. रंग लावू नका, आणि लावलेला रंग पत्रा-घासणीने खरवडूनही काढू नका. ते जाणत्या माणसाचं काम आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी आणि आसपासचा मुलूख ढिगाऱ्याखाली गेला. हजारो माणसं गेली. 52 गावं नव्या जागी उभी करावी लागली. त्या दुःखात जात्या-उखळाचा, कोरीव दाराचा, भजनी मंडळाच्या पखवाजाचा हिशेब कोण ठेवणार होतं? कुणालाही दोष नाही. पण धाब्याच्या घरांची एक अख्खी रीत, तिच्यातली भांडीकुंडी, कणगी, देवघरं, त्या सकाळी नाहीशी झाली. आता ती गावं पाहिलेल्या आजी-आजोबांकडून त्या घराची मांडणी ऐकून लिहून घ्यायला उरलेली वर्षं थोडी आहेत. लातूर जिल्ह्यातल्या प्रत्येक हायस्कूलने हा एक उपक्रम तरी हाती घ्यावा.

एक माणूस किती करू शकतो, हे पाहायला लातूरहून फार लांब जावं लागत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमशी व्यापार करणारं गाव. पांढरीतून, नांगराच्या तासातून निघालेल्या मृण्मूर्ती, मणी, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं जमवली. त्यांतली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी जुळते, म्हणून जगभरचे अभ्यासक तिची चर्चा करतात. आज तिथे त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय उभं आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी गावोगाव हिंडून गोळा केली आणि 1975 साली तो अख्खा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. दोघांच्याही मागे आधी कुठली योजना नव्हती.

नांदेड जिल्ह्याचं शासकीय वस्तुसंग्रहालय माहूरला आहे. रेणुकामातेच्या दर्शनाला लाखो भाविक गड चढतात. त्यांतल्या किती जणांची पावलं संग्रहालयाकडे वळतात? पुढच्या वेळी तासभर काढा, मुलांना घेऊन जा. पाहणारेच नसतील तर निधी मागायला तोंड राहत नाही.

आणि संग्रहालय म्हटलं की फक्त दगड आणि तलवारी आठवू नयेत. किनवट, माहूर, मुखेड, जळकोट भागातल्या तांड्यांवर बंजारा आजींच्या पेट्यांत अजून हाताने भरलेले फेटिया आणि कांचळ्या आहेत: जाड सुती कापड, त्यावर आरसे, कवड्या आणि टाक्यांची इतकी दाट वीण की खालचं कापड दिसत नाही. व्यापारी ते स्वस्तात घेतात, कापून पिशव्या आणि उशांचे अभ्रे करतात. आजीला विचारून तिचं नाव, टाक्याचं नाव, नक्षीचा अर्थ लिहून ठेवणारा कुणी त्या व्यापाऱ्याआधी तिथे पोचला पाहिजे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो, उदगीरच्या केंद्रात त्याचं कापड विणलं जातं. या मागाची, या चरख्याची जागा आपल्या संग्रहालयात पहिल्या दालनात हवी. घोंगडीचा माग, बुरुडाची सूप-टोपली, गोंधळ्याचं संबळ, वाघ्याची कोटंबा-दिवटी यांचीही हवी; आणि ते घडवणारा, वाजवणारा माणूस मानधन घेऊन तिथे बसलेला हवा.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या साक्षीने दरवर्षी जनावरांचा बाजार आणि कृषी प्रदर्शन भरतं. त्याच मैदानात जिल्ह्यातल्या कारागिरांचा आणि जुन्या वस्तूंचा एक मंडप उभारावा, ही जिल्हा परिषदेकडे मागणी आहे. होट्टलच्या महोत्सवात गाण्याबरोबर वीरगळ कसा वाचायचा हे शिकवावं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने विद्यार्थ्यांना अशा वस्तूंच्या आणि शिळांच्या नोंदीसाठी गावं वाटून द्यावीत. दोन्ही जिल्हा नियोजन समित्यांनी नांदेड आणि लातूर शहरांत लोकजीवनाचं कायम दालन उभारायला निधी ठेवावा.

शेतात मूर्ती किंवा नाणी सापडली तर लपवू नका. जमिनीतल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असं 1878 चा निखात निधी कायदा सांगतो. लपवलेली वस्तू दलालाच्या हाती लागते आणि जिल्ह्याबाहेर जाते.

घरच्या वस्तूंचं मात्र आजच करता येतं. मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घ्या. वहीत लिहा: वस्तूचं घरात चालणारं नाव, ती कुणाची, कुठून आली, कशाला वापरत, माप किती. घरात ठेवणं खरंच जमत नसेल तर शाळेच्या एका कपाटात ठेवा, मुख्याध्यापकांकडून पोच घ्या. आणि येत्या ग्रामसभेत गावातल्या वीरगळांची, शिलालेखांची, जुन्या बारवांची यादी करण्याचा ठराव मांडा. त्याची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि दुसरी पुरातत्त्व विभागाला पाठवा, दोन्हींवर आवक क्रमांक घालून घ्या.