नकार कळवण्याचे स्वातंत्र्य

अमेरिकेत बँकेत खाते उघडणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा एक छापील कागद दिला जातो. 'आपल्या व्यक्तिगत माहितीचे ही बँक काय करते?' असा प्रश्न बँकेच्या नावासह त्याच्या माथ्यावर असतो. बहुतेक लोक तो न वाचताच बाजूला टाकतात, आणि त्यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र ज्या कायद्यातून हा कागद जन्माला आला, त्याचा इतिहास पाहिला म्हणजे लोकांचे हे न वाचणे कोणाच्या सोयीचे आहे ते उघड होते.

१२ नोव्हेंबर १९९९ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्यावर सही केली. महामंदीचे चटके सोसून शहाणपण आलेल्या अमेरिकेने १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी स्वीकारणाऱ्या बँका आणि रोखेबाजारातील पेढ्या यांच्यामध्ये एक भिंत उभी केली होती. नव्या कायद्याने ती पाडली. वस्तुतः सिटीकॉर्प ही बँक आणि ट्रॅव्हलर्स हा विमा व रोखे व्यवसायातील समूह यांनी १९९८ मध्येच आपले विलीनीकरण उरकून घेतले होते. कायदा त्यांच्या मागून चालत आला. बँक, विमा आणि रोखे एका छपराखाली आले की भांडवल एकवटते, ही गोष्ट नवी नाही. परंतु त्याबरोबर माणसाविषयीची माहितीही एकवटते. त्याचा पगार, त्याचे कर्ज, त्याचा विमा, त्याने कोणाला किती धनादेश दिले, हे सारे एकाच मालकाच्या दप्तरात जमा होते आणि तो मालक त्या दप्तराकडे विक्रीचा माल म्हणून पाहू लागतो.

ही नुसती शंका नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये मिनेसोटा राज्याचे ॲटर्नी जनरल माइक हॅच यांनी यू. एस. बँकेवर दावा लावला. दूरध्वनीवरून माल खपवणाऱ्या मेंबरवर्क्स या कंपनीला बँकेने मोबदला घेऊन ग्राहकांची माहिती पुरवली, असा आरोप होता. सुमारे ३० लाख डॉलर देऊन बँकेने हे प्रकरण मिटवले. प्रतिनिधिगृहातील टेक्सासचे रिपब्लिकन सदस्य जो बार्टन यांचा अनुभव वेगळ्याच तऱ्हेचा होता. वॉशिंग्टनमधील त्यांच्या घरी स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांची सूचिपत्रके येऊ लागली, आणि तो पत्ता आपल्या पतपेढीकडूनच बाहेर गेला असावा असा त्यांचा संशय होता. खासगीपणाचे महत्त्व कायदेमंडळाला अशा वाटेनेही पटते!

या वातावरणात कायद्याला खासगीपणाचे प्रकरण जोडणे भाग पडले. त्यात चांगले काही नाही असे म्हणता येणार नाही. दूरध्वनीवरील विक्रीसाठी खातेक्रमांक परक्या कंपन्यांना देण्यास मनाई झाली. खोटी ओळख सांगून बँकेकडून माहिती काढणे हा गुन्हा ठरला. पण मुख्य तरतूद निराळी आहे. ग्राहकाची माहिती परक्या कंपनीला द्यावयाची असेल तर वित्तसंस्थेने त्याला स्पष्ट शब्दांत सूचना द्यावी आणि नकार कळवण्याची वाजवी संधी द्यावी, एवढेच कायदा सांगतो. ग्राहक गप्प राहिला की त्याची संमती आहे असे धरले जाते. शिवाय एकाच समूहातील भगिनी कंपन्यांना माहिती देण्याविरुद्ध या कायद्याने नकाराचा हक्क दिलाच नाही. दुसऱ्या वित्तसंस्थेशी 'संयुक्त विक्री'चा करार असेल तर तेथेही नकार चालत नाही. ज्या महासमूहांसाठी भिंत पाडली, त्यांच्या अंगणातली देवघेव अशा रीतीने बव्हंशी मोकळीच राहिली. २००३ च्या एका दुरुस्तीने भगिनी कंपन्यांनी विक्रीसाठी केलेल्या वापराला नकार देण्याची सोय केली, पण तीही मर्यादितच.

१ जुलै २००१ पर्यंत पहिल्या सूचना ग्राहकांपर्यंत पोचवावयाच्या होत्या. टपालाने कोट्यवधी पत्रके गेली. वकिलांनी वकिलांसाठी लिहावी तशी त्यांची भाषा होती; महाविद्यालयात काही वर्षे काढल्याखेरीज ती उमजू नये, असा भाषातज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. नकार कळवणारे फारच थोडे निघाले, आणि ग्राहकांना याची फिकीरच नाही असा अर्थ बँकांनी त्यातून काढला. पुढे २००९ मध्ये नियामक संस्थांनी एक सुबोध नमुना तयार केला. त्यातील तक्त्यात माहिती देण्याची कारणे एका बाजूला आणि 'आपण हे रोखू शकता काय?' हा प्रश्न दुसऱ्या बाजूला असतो. त्याखाली अनेक ओळींत 'नाही' असे उत्तर छापलेले असते. भाषा सुधारली, हक्क होता तेवढाच राहिला. कायदा मोडला तरी त्याखाली ग्राहकाला स्वतः दावा लावता येत नाही. नियामकाने मनावर घेतले तरच काही घडते. २०१५ मध्ये तर अनेक संस्थांना दरवर्षीची सूचना पाठवण्यापासूनही सूट मिळाली.

ग्राहकांना फिकीर नाही हे मत तपासण्याचा प्रसंग नॉर्थ डकोटा या शेतीप्रधान राज्यात आला. ग्राहकाच्या आगाऊ संमतीवाचून माहिती देऊ नये, असा तेथील कायदा होता. २००१ मध्ये बँकांच्या आग्रहावरून राज्याच्या विधिमंडळाने तो सैल केला. नागरिकांनी सह्या गोळा करून हा प्रश्न सार्वमतास लावला आणि जून २००२ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक मतदारांनी विधिमंडळाचा निर्णय फेटाळला. पत्रकाला उत्तर न देणारे लोक, प्रश्न सरळ विचारला तेव्हा मतपेटीपर्यंत गेले. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये आगाऊ संमतीचा कायदा केला, तेव्हा बँका न्यायालयात गेल्या आणि भगिनी कंपन्यांविषयीच्या तरतुदींचा मोठा भाग त्यांनी संघराज्याच्या कायद्याच्या आधारे निष्प्रभ करून घेतला.

भारताने २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आगाऊ संमतीचे तत्त्व स्वीकारले, हे स्वागतार्हच आहे. संमती मागताना द्यावयाची सूचना आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागण्याचा हक्क त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार सूचना व संमतीविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. परंतु याच कायद्याच्या सतराव्या कलमात, वित्तसंस्थेचे कर्ज थकवलेल्या माणसाची सांपत्तिक स्थिती शोधण्यासाठी त्याच्या माहितीवर होणारी प्रक्रिया सूचना आणि संमती या दोन्हींच्या बंधनातून सोडवली आहे. कोट्यवधींचे कर्ज बुडवणारा उद्योगपती या सवलतीच्या कक्षेत येतो, आणि पीक बुडाल्याने एक हप्ता चुकलेला शेतकरीही येतो. त्यांपैकी वकील कोणाच्या दाराशी उभा असतो, हे कलम लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही.