इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीतच हवा

१६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच बऱ्हाणपुरात शहाजादा परवेझ याच्यापुढे उभा राहिला, तेव्हा दुभाष्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या गोष्टीस चारशे वर्षे लोटली. इंग्रजी आता प्रत्येकाच्या ओसरीवर येऊन बसली आहे. परंतु येथील मराठी मुलाच्या आणि तिच्या मध्ये दुभाष्या अद्यापि उभाच आहे. हा दुभाष्या म्हणजे इंग्रजी-हिंदी शब्दसंग्रह. एका बाजूस इंग्रजी शब्द, शेजारी नागरीत उच्चार, पुढे अर्थ आणि खाली उदाहरणाचे वाक्य. ज्यांच्यासाठी ही पुस्तके छापली जातात त्यांना ती उपयोगीच आहेत, आणि हिंदीशी आमचे भांडण मुळीच नाही. मात्र मराठी घरातील मुलाच्या हाती ती पडली की काय होते, हे पाहिले पाहिजे.

कोणी म्हणेल, लिपी एकच आहे, मग अडचण कसली? अडचण लिपी एक असण्यातच आहे. हिंदीत ‘मैन’ असे छापतात व तो उच्चार ‘मॅन’च्या जवळ जातो, कारण हिंदीतील ऐकाराचा ध्वनीच तसा आहे. मराठीत ऐकार म्हणजे ‘अइ’. आमचा मुलगा ‘मैन’ला ‘मइन’ वाचतो, ‘बैट’ला ‘बइट’ वाचतो, आणि खेळण्याची बॅट चावा घेणाऱ्या ‘बाइट’च्या पंक्तीस जाऊन बसते! इंग्रजीतील दोन निराळ्या वकारांसाठी हिंदीत बहुधा एकच ‘व’ लिहितात. मराठीने मात्र ‘व’ आणि ‘व्ह’ अशी सोय केव्हाच करून ठेवली आहे. ‘वाइन’ म्हणजे मद्य आणि ‘व्हाइन’ म्हणजे वेल, हा भेद मराठी नागरीत डोळ्यांना दिसतो. हाताशी असलेले साधन टाकून उसनवारी का करावी?

अर्थाचा घोटाळा तर याहून मोठा आहे. ‘एज्युकेशन’पुढे ‘शिक्षा’ असे छापलेले असते. मराठी मुलाने तेथे काय समजावे? (काही शाळांतील छड्या आठवल्या तर तो अर्थ अगदीच चुकीचा वाटणार नाही, ही गोष्ट वेगळी.) ‘अमेंडमेंट’पुढे ‘संशोधन’ येते; हिंदीत ती दुरुस्ती, मराठीत तो नवा शोध. ‘ऑब्जेक्शन’पुढे ‘आपत्ति’ येते; हिंदीत ती हरकत, मराठीत ते संकट. मूल हुशार असो वा मठ्ठ, अशा ठिकाणी ते चुकणारच, आणि दोष मात्र त्याच्या बुद्धीला लागणार.

मराठीतून इंग्रजी शिकण्याची परंपरा काही कालची नव्हे. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांचे इंग्रजी पोसले. बाहेर पाहिले तर हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांस शिकविण्याच्या अनुभवातून परभाषिकांसाठीच इंग्रजी कोश रचला. तो १९४२ साली जपानात निघाला व पुढे ऑक्सफर्डने जगभर नेला. शिकणारा कोण आहे हे आधी पाहावे, ही त्यामागील दृष्टी होती. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून राज्यांस सांगत आले आहे. परंतु शब्दांच्या वहीसाठी सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

येथील मराठी शिक्षकांनी व वाचनालयांनी मिळून अशी वही सिद्ध करावी, अशी आमची सूचना आहे. उच्चार मराठी वळणाचा असावा, आणि शब्दातील कोणत्या भागावर जोर द्यावयाचा त्याखाली रेघ ओढावी. कारण ही गोष्ट आपली लिपी दाखवीत नाही. ‘ऑब्जेक्ट’ या शब्दात पहिल्या अवयवावर जोर दिला तर वस्तू, दुसऱ्यावर दिला तर हरकत घेणे. वाक्ये लंडनच्या धुक्याची नकोत. ‘द लूम स्टॉप्स व्हेन द पॉवर फेल्स’ हे वाक्य यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलास समजावून सांगावे लागणार नाही. ‘द बस टु रावेर इज लेट’ हेही नाही. ज्या शिक्षकांस हे काम पत्करावेसे वाटेल त्यांनी आपल्या वर्गातील मुले नेहमी अडखळतात असे पन्नास शब्द आधी टिपून काढावेत. वहीचा आरंभ त्यांपासूनच व्हावा.