वाड्यांचे लाकूड

पुण्यातील वाड्यांवर हळहळणारे लेख नेमाने छापून येतात. तुळशीवृंदावन, ओटी, माजघर, आजीचा झोपाळा. आणि शेवटी बिल्डर नावाचा राक्षस. या लेखनातील भावुकता आम्ही एक वेळ सोसू. पण वाडा उभा कशावर होता, हे त्यात कोठेच येत नाही.

पेठेतला वाडा म्हणजे मुळात सागवानी सांगाडा. दगडी जोते, त्यावर खांब, खांबांवर तुळया, वर कडीपाट. भार लाकूड वाहते. भिंती पुष्कळदा विटामातीचा भराव. सांधे कुसा-खाचांचे, म्हणून टेकू देऊन कुजलेला खांब तेवढा बदलता येतो. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला तेव्हा गेला तो हाच सांगाडा. आज पर्यटक पाहतात ते जोते आणि तट. (दगडाचे अगत्य आपल्याला जरा अधिकच, गडकोटांमुळे असेल.)

समीक्षेचीही तीच तऱ्हा. एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ विदर्भातील एका खेड्यातल्या देशपांड्यांचे. पण वर्गात ते शिकवून झाले की महाराष्ट्रातला प्रत्येक वाडा सरंजामी ऱ्हासाचे प्रतीक होऊन बसतो. पुण्यात तर विसाव्या शतकात कित्येक वाडे एका घराण्याचे उरलेच नव्हते. दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडे, चौकात सामाईक नळ. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले. त्या कायद्याने गरिबाचे छप्पर राखले, हे आम्हाला मान्यच आहे. परंतु तेवढ्या भाड्यात दर उन्हाळ्यात कौले कोण परतणार? वाळवी लागलेली तुळई कोण बदलणार? मालकाने हात आखडला, भाडेकरूने ‘आपले कोठे आहे’ म्हणून सोडून दिले, आणि पाणी खांबांच्या बुडाशी मुरत राहिले. या रोजच्या झिजेवर मराठीत किती ललित लेख आहेत?

वाडा पाडला तरी लाकूड मात्र वाया जात नाही. जुन्या सागाला गिऱ्हाईक असते. नक्षीचे खांब हॉटेलांत आणि फार्महाऊसांत उभे राहतात, डोक्यावर कसलाही भार न घेता. आणि त्यालाच आपण वारसा म्हणतो!

वाड्यावर लिहायचेच असेल त्यांनी टेकू लावलेल्या तुळईखाली पावसाळा काढणाऱ्या भाडेकरूकडे एकदा जावे. जुन्या लाकडात काम करणारा सुतार गाठावा. मालक-भाडेकरूंच्या दाव्यांची कागदपत्रेही पाहावीत. त्यातली बरीचशी मराठीतच आहेत.