समुद्राकाठचा रस्ता

मुंबईहून गोव्याला जाणारा महामार्ग कोकणातूनच जातो; पण त्या वाटेवर समुद्र जवळजवळ दिसतच नाही. महाड, चिपळूण, संगमेश्वर, सावंतवाडी ही गावे किनाऱ्यापासून बरीच आत आहेत. म्हणून कोकण खरोखर पाहायचे असेल, तर महामार्ग सोडावा आणि रेवस ते रेडी हा सागरी रस्ता धरावा, असे माझे मत आहे. रेवस रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ आहे, तर रेडी सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला. दोहोंमधले अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. किनाऱ्याने असा सलग रस्ता व्हावा, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

या प्रवासाला व्हॅन फार सोयीची. आजी-आजोबा, लहान मुले, जेवणाचे डबे, पाण्याचा कॅन असे सारे तीत मावते. वाटेल तेथे थांबता येते. मोठी बस या रस्त्यावर अडते, कारण गावातून जाताना दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे असतात. समोरून दुसरी गाडी आली, की एकाला मागे जावेच लागते. घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये!

वाटेत खाड्याही फार आहेत. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या पश्चिमेकडे धावतात आणि समुद्राला मिळताना रुंद होतात. त्यामुळे मुरूडहून रत्नागिरीपर्यंत जाताना गाडी चार वेळा फेरीबोटीत चढवावी लागते. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला. फेरीबोटीत व्हॅन, रिक्षा, मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेची मुले, सारे एकत्र उभे असतात. गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहावे. खारा वारा तोंडावर येतो आणि दोन्ही काठांवरच्या नारळीच्या रांगा हळूहळू सरकताना दिसतात. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता तर इतका पाण्याला लागून आहे, की भरतीच्या वेळी लाटांचा आवाज गाडीत ऐकू येतो.

उर्दू शाळेतील विद्यार्थ्यांना या वाटेवर आणखी एक आनंद मिळेल. दर्या, बंदर, जहाज, खलाशी, दर्यावर्दी हे समुद्राचे मराठी शब्द तुम्हांला कोणी शिकवावे लागणार नाहीत. ते फारसी-अरबीतून येऊन किनाऱ्यावर स्थायिक झाले आहेत. 'जंजिरा' हा शब्दही मूळचा 'जज़ीरा', म्हणजे बेट. मुरूडजवळ राजपुरी गावातून शिडाच्या होडीने त्या सिद्दींच्या किल्ल्यात जाता येते. दाभोळला धक्क्याजवळच आदिलशाहीच्या काळातली दगडी मशीद उभी आहे. गावातले लोक तिला 'अंडा मशीद' म्हणतात. एके काळी दाभोळ हे मोठे बंदर होते, हे तिच्याकडे पाहिल्यावर पटते. पुस्तकातल्या इतिहासापेक्षा हा इतिहास मला अधिक जवळचा वाटतो.

आता या रस्त्यावरच्या खाड्यांवर पूल बांधायचे ठरले आहे. काही प्रवासी हळहळतात. फेरीबोटीची मजा जाईल, असे त्यांचे म्हणणे. मला हे म्हणणे मान्य नाही. आपण वर्षातून एकदा जाणार आणि मजेसाठी त्यांनी वर्षभर वाट पाहायची, हा कुठला न्याय? रात्री फेरीबोट बंद असते. तेव्हा धोपाव्यातल्या माणसाला तातडीने दाभोळला जायचे झाले, तर चिपळूणवरून मोठा वळसा घालावा लागतो. आजाऱ्याला घेऊन असा वळसा घालणे किती कठीण असेल, याचा विचार करावा. दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली, तेव्हा दोन्ही काठांना केवढी सोय झाली! पूल झाले तर ती आणखी वाढेल. पूल हवेतच.

पण पुलाबरोबर रस्ताही वाटेल तेवढा रुंद करावा, हे मात्र मला पटत नाही. किनाऱ्यावर जागा अरुंद आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधल्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या व घरे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले आणि श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली, की सुपारी हाती यायला बरीच वर्षे वाट पाहावी लागते. वादळातून सावरणाऱ्या त्या वाड्यांवर आता रस्त्यासाठी कुऱ्हाड चालवायची काय? रुंद रस्त्यावर गाड्या वेगाने जातील आणि ज्या गावांसाठी रस्ता केला, तेथे कोणी थांबणारही नाही. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो. त्याची गडबड ताशी ऐंशीच्या वेगाने पाहता येत नाही. (जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा लिलावासाठी जाऊ नये.)

आणखी एक गोष्ट आताच ठरवायला हवी. पूल होतो तो गाड्यांसाठी. पुलाची तोंडे गावापासून दूर असली, तर पायी जाणाऱ्या माणसाचे काय? धक्क्यावर येऊन पलीकडच्या बाजारात किंवा शाळेत जाणाऱ्यांना पूल जवळचा होईलच असे नाही. तेव्हा पूल झाले, तरी जुने धक्के मोडू नयेत. मोठी फेरीबोट परवडत नसेल तर राहू द्या. सकाळ-संध्याकाळ एखादी लहान होडी तरी तेथून सुटत राहावी.