मांजर कुंथते आहे: शी अडली की लघवी?

गेल्या मे महिन्यात एका रात्री दहा वाजता पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यातल्या खालांचा फोन आला. "बेटा, शेरूचं पोट दोन दिवस साफ नाही. सारखा वाळूत जाऊन बसतो, कुंथतो नि रडतो. चमचाभर एरंडेल पाजू का?" शेरू म्हणजे त्यांचा चार वर्षांचा पिवळा बोका. खालांच्या जानमाजच्या कोपऱ्यावर झोपणारा आणि घरात त्यांच्याशिवाय कुणालाही न जुमानणारा.

मी विचारले, "खाला, वाळू ओली होते का?"

"ते कोण बघतं गं!"

बघायला सांगितले. ट्रे सकाळी धुऊन भरलेला होता आणि रात्रीपर्यंत जवळजवळ कोरडा. एका बाजूला चार-पाच थेंब, तेही लालसर. पोटाला हात लावू दिला नाही, पण मागच्या बाजूला लिंबाएवढी कडक गाठ लागत होती म्हणाल्या. शेरूचे पोट बिघडलेच नव्हते. त्याची लघवी अडली होती. एरंडेलाची बाटली तशीच ठेवून त्यांचा मुलगा त्याला पिशवीत घालून रिक्षाने डॉक्टरांकडे घेऊन गेला. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन लावले, शेरू वाचला.

या महिन्यात खरे तर मांजरांच्या बद्धकोष्ठावर लिहायचे होते. तीन-चार भगिनींनी तसे विचारलेही होते. पण या प्रसंगामुळे सुरुवात इथूनच करते, कारण शी अडलेले मांजर आणि लघवी अडलेला बोका दिसायला सारखेच दिसतात. दोघेही वाकून बसतात, जोर लावतात, ओरडतात आणि ट्रेमधून बाहेर येऊन पुन्हा आत जातात. फरक वेळेचा आहे. बद्धकोष्ठ झालेल्या मांजराला उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेले तर बहुतेक वेळा चालते. बोक्याचा लघवीचा मार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, शरीरात विषारी द्रव्ये आणि पोटॅशियम साठते आणि हृदय बंद पडू शकते. एक-दोन दिवसांत जीव जातो. नसबंदी केलेल्या बोक्यालाही हे होते. म्हणून बोका कुंथताना दिसला की आधी वाळू बघायची. लघवी नीट होत नसेल, तो पुन्हा पुन्हा मागे चाटत असेल, उलट्या करत असेल, तर रात्र असो की सुट्टी, थांबायचे नाही.

वाळू ओली आहे, पण शी नाही, किंवा आहे ती बकरीच्या लेंड्यांसारखी कोरडी नि कडक, तर मग ते बद्धकोष्ठ. निरोगी मांजराला साधारण रोज एकदा शी होते. दोन दिवस झाली नाही तर लक्ष द्यावे, तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. एक गोष्ट मात्र फसवते. कधी कडक गोळ्याच्या कडेने थोडे पातळ पाणी बाहेर येते आणि घरच्यांना वाटते जुलाब झाले. मग जुलाब थांबवायचे औषध दिले जाते आणि आतला गोळा आणखी घट्ट बसतो.

मूळ कारण बहुतेक वेळा पाणी. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज वाळवंटी भागातले रानमांजर. त्याला पाणी मिळायचे ते मुख्यतः शिकारीच्या मांसातून, म्हणून मांजराला तहान फारशी जाणवत नाही. ओल्या खाण्यात पाऊण हिस्सा पाणी असते, पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत जेमतेम दहावा. चार किलोच्या मांजराला खाण्यातले धरून दिवसाला साधारण 200 मिली पाणी लागते. नुसते दाणे खाणारे मांजर वाटीतून एवढे पीत नाही. शरीराला पाणी कमी पडले की मोठे आतडे ते शीमधून शोषून घेते. शी जितकी जास्त वेळ आत राहील तितकी वाळत जाते. हे वारंवार झाले की आतडे ताणून सैल पडते आणि मग त्याला ढकलायची ताकदच उरत नाही. डॉक्टर याला मेगाकोलन म्हणतात. तिथवर गेलेल्या मांजराला जन्मभर औषध लागते, कधी ऑपरेशनही.

आपल्याकडे त्यात पनवेलचा उन्हाळा. आणि त्यात सुकट! खारवलेले सुके बोंबील मांजराला फार आवडतात, पण ते कोरडे आणि खारट. त्यापेक्षा बांगडा उकडून, काटे काढून, उकडलेल्या पाण्यासकट द्यावा. चिकनचे उकड पाणीही चांगले. मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे, म्हणून ताटातला शोरबाही नको.

पाण्याची वाटी जेवणाच्या वाटीपासून आणि ट्रेपासून लांब ठेवावी, आणि घरात दोन-तीन ठिकाणी ठेवावी. बऱ्याच मांजरांना वाहते पाणी आवडते. वुजूसाठी नळ सोडला की तुमचे मांजर तुमच्या आधी तोंड लावत असेल, तर दिवसातून दोनदा त्याच्यासाठी नळ मुद्दाम बारीक सोडा.

बकरी ईदनंतरच्या आठवड्यात बद्धकोष्ठाची मांजरे जास्त दिसतात असे आमचे डॉक्टर सांगतात, आणि मला ते पटते. मुले लाडाने ताटातली हाडे टाकतात. हाडांचा चुरा आतड्यात चुन्यासारखा घट्ट बसतो, आणि शिजलेल्या हाडाची कपची टोचते ती वेगळीच. गोश्त द्या, हाड नको.

इतर कारणे थोडक्यात सांगते. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजराने चाटून गिळलेले केस शीत अडकतात, म्हणून रोज विंचरावे. ट्रे घाण असेल तर मांजर शी रोखून धरते. स्कूटरखाली आलेल्या मांजराचे कमरेचे हाड वाकडे जुळले तर मार्ग अरुंद होतो आणि त्रास काही महिन्यांनी सुरू होतो. म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडाचा आजार नाही ना, हे रक्त तपासूनच कळते. घरात शिलाई मशीन असेल तर दोरा उचलून ठेवत जा. गिळलेला दोरा आतड्याच्या चुण्या पाडतो. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसेच डॉक्टरांकडे न्या.

आता एरंडेल. जबरदस्तीने तोंडात ओतलेले तेल, एरंडेल असो की पॅराफिन, फुफ्फुसात उतरू शकते आणि त्याने न्यूमोनिया होतो. माणसांच्या औषधांच्या दुकानात मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मांजराच्या जिवावर बेततो. पोट दुखते म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याला मारू शकते. दुधाने पोट साफ होते ही समजूतही सोडा. मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातले पाणी आणखी कमी होते.

मांजर खाते-पिते आहे, खेळते आहे, फक्त शी कडक होते, तर उकडून कुस्करलेला लाल भोपळा, बिनमिठाचा, एक छोटा चमचा खाण्यात मिसळून पाहावा. इसबगोल डॉक्टरांना विचारूनच, आणि भरपूर पाण्यात भिजवून. कोरडे गेले तर तेच आत गच्च बसते. मांजर खात नसेल, उलटी करत असेल, तर भोपळ्याचा प्रयोग नको. डॉक्टर पोट चाचपतात, एक्स-रे काढतात, सलाईन देतात, त्यांचा वेगळा एनिमा असतो. घरी द्यायला बहुधा लॅक्ट्युलोजचे पातळ औषध देतात. त्याचे प्रमाण वजनावर ठरते, शेजारणीच्या मांजराचे आपल्या मांजराला चालत नाही.

आपल्या भागातल्या कोणत्या डॉक्टरांकडे रात्री मांजर घेतात, हे आज दिवसाच विचारून नंबर लिहून ठेवा. पनवेलकरांना मोठ्या तपासणीसाठी परळचे बाई साकरबाई पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे. हार्बर लाइनने कुर्ल्याला जाऊन गाडी बदलायची.

शेरू आता ओले खातो. खाला रोज फजरनंतर त्याचा ट्रे उपसतात आणि मला न चुकता कळवतात, "दोन्ही झालं." इतकी तपशीलवार खबर मला कुणाच्याच घरातून येत नाही.