पाटी रंगवा, पुसू नका

मुंबईकडून येताना महाड मागं पडलं की पोलादपूरला रस्ता फुटतो. सरळ गेलात तर कशेडी, पुढं खेड आणि चिपळूण. डावीकडं वळलात तर आंबेनळी घाट आणि वर महाबळेश्वर. तिथली पाटी उद्या कुणी निळ्याची हिरवी केली, अक्षरांचं वळण बदललं, तर माझी काही तक्रार नाही. पण रंग देताना बाण उलटा काढला, किंवा ‘महाबळेश्वर’ मावत नाही म्हणून शेवटची दोन अक्षरं कापली, तर त्या रंगाऱ्याला आपण पुन्हा कामावर ठेवू का? आषाढातल्या धुक्यात, रात्री, त्या पाटीच्या भरवशावर माणसं गाडी वळवतात.

वेबसाइटच्या मेन्यूचं आमच्या धंद्यातले लोक नेमकं हेच करतात. थीम बदलतात आणि वाट बुजवतात. आणि बिल लावतात.

मी महाडला वेबसाइटी बनवतो. रायगडाच्या वाटेवरचे लॉजवाले, पतसंस्था, क्लासवाले, एमआयडीसीतले छोटे कारखानदार ही माझी गिऱ्हाइकं. दर दोन-तीन वर्षांनी त्यांना नवं रूप हवं असतं, आणि त्यात गैर काहीच नाही. दुकानाला दिवाळीला रंग काढतातच. पण रंग काढताना गल्ला उचलून माळ्यावर नेत नाहीत.

22 जुलै 2021 च्या रात्री मी पुण्यात होतो आणि आई-वडील महाडच्या घरात. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत चढत होतं. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावात डोंगर खाली आला आणि 80 हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथंही दरडी कोसळल्या. घरचा फोन लागत नव्हता. मदतीसाठी कुणाला गाठायचं ते शोधायला मी एका संस्थेची वेबसाइट उघडली. थोड्याच दिवसांपूर्वी तिला नवी थीम चढवली होती. वरच्या तीन आडव्या रेघा दाबल्या, मेन्यू उघडला, आणि ‘संपर्क’ काही दिसेना. मेन्यूची उंची थीमने पक्की बांधली होती, इंग्रजी शब्द धरून. मराठी शब्द दोन-दोन ओळींत गेले, यादी लांबली आणि शेवटची नावं पडद्याच्या खाली गेली. वर सरकवायची सोयच नव्हती. ‘संपर्क’ शेवटचं होतं. नंबर मला शेवटी एका वर्गमित्राने दिला. ती थीम कुणी बसवली ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, कारण तसं काम करणारा तो एकटा नाही.

थीम बदलली की मेन्यू का मोडतो, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मेन्यू म्हणजे दुव्यांची साधी यादी: कोणती पानं, कोणत्या क्रमाने, कोण कुणाच्या पोटात. ही यादी एचटीएमएलमध्ये राहायला हवी. ती निळी की भगवी, आडवी की उभी, हे सीएसएसने ठरवायचं. सीएसएसची पहिली प्रमाणित आवृत्ती 1996 ची, आणि ती आली तीच आशय आणि रूप वेगळं ठेवण्यासाठी. 2003 साली डेव्ह शे या कॅनडातल्या डिझायनरने ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केलं. एचटीएमएल एकच, त्यातलं अक्षरही हलवायचं नाही, आणि जगभरच्या लोकांनी त्यावर आपापली सजावट चढवायची. एकाच यादीचे किती वेगळे मेन्यू होतात, हे तेव्हाच डोळ्यांनी दिसलं. त्याला वीस वर्षं उलटून गेली. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही सबब आज कुणीही माझ्यापुढं आणू नये.

जगातल्या दहातल्या चार वेबसाइटी वर्डप्रेस या तयार यंत्रणेवर चालतात. तिथं मेन्यू 2010 पासून, म्हणजे 3.0 या आवृत्तीपासून, थीमपासून वेगळा साठवता येतो. थीम फक्त जागा सांगते, की इथं मुख्य मेन्यू बसेल. अडचण अशी की प्रत्येक थीम त्या जागेला आपलं वेगळं नाव देते. जुनीत ‘प्रायमरी’, नवीत ‘हेडर’. थीम बदलली की मेन्यू कोठारात शाबूत, पण जागेवर नाही. मग बहुतेक थीम त्या जागी सापडतील ती सगळी पानं ओततात, चाचणीसाठी केलेलं पानसुद्धा. 2017 च्या 4.9 आवृत्तीने जुन्या-नव्या जागांची जोडी लावायचा प्रयत्न केला, पण तो अंदाजच. शेवटी माणसाने आत जाऊन मेन्यू जागेवर बसवायचा असतो. पाच मिनिटांचं काम. ते न करता साइट चालू करून देणारा माणूस आळशी आहे, आणि त्याच्या आळसाची किंमत दुसरं कुणीतरी मोजतं.

मराठीची तर आणखी परवड. बाजारातल्या बहुतेक थीम रोमन अक्षर समोर ठेवून घडवलेल्या. त्यात अक्षरांमध्ये अंतर टाकलेलं असतं. ‘होम’ला रोमनमध्ये ते शोभतं, पण देवनागरीवर तोच नियम बसला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. ओळीची उंची कमी असते, म्हणून वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटला जातो. ‘मुख्यपृष्ठ’ या शब्दाला वर-खाली किती जागा लागते ते एकदा मोजून पाहा. जागा पुरेना की हे लोक मेन्यूतून मराठी काढून इंग्रजी टाकायला सुचवतात. बूट बसत नाही म्हणून पायाची बोटं कापायचा सल्ला आहे हा. मी तो एकाही गिऱ्हाइकाला दिलेला नाही, देणार नाही. थीम बदला. नाहीतर तिच्यातल्या दोन ओळी बदला.

रंगाचंही तसंच. मेन्यूत अक्षराचा रंग थेट ‘पांढरा’ लिहून ठेवला आणि नव्या थीमची पट्टी फिकट पिवळी निघाली, की नावं गायब. रंगाला कामाचं नाव द्यायचं असतं: ‘मेन्यूचं अक्षर’, ‘मेन्यूची पट्टी’. सीएसएसमध्ये अशी चलं ठेवायची सोय आहे, आणि सगळे मोठे ब्राउझर ती 2017 पासून समजतात. थीम बदलली की दोन्ही मिळून बदलतात. अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान 4.5 : 1 असावा, हे सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या, जागतिक निकषांत 2008 पासून लिहिलेलं आहे. मेन्यूचा क्रम पानापानावर सारखा राहिला पाहिजे, हेही त्यातच आहे. आणि माउस वर नेल्यावरच उघडणारे ड्रॉपडाउन? बोटाने फोन चालवणाऱ्याकडं माउस नसतो. अंध माणूस कळफलकाच्या टॅबने पुढं सरकतो, त्याला तो मेन्यू उघडताच येत नाही.

आता सरकारकडं वळतो. जिल्ह्यांच्या वेबसाइटींसाठी केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेने ‘एसथ्रीवास’ नावाची सामायिक यंत्रणा केली. त्यात मजकूर एकीकडं आणि थीम दुसरीकडं. ही रचना बरोबर आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. पण जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने 100 दिवसांचा सात कलमी कार्यक्रम काढला, त्यात कार्यालयांच्या वेबसाइटी सुधारण्याचं कलम होतं, आणि आमच्या धंद्यातल्या कित्येकांनी ‘सुधारणा’ या शब्दाचा अर्थ सरकती चित्रं आणि नवा रंग एवढाच लावला. आणि हा फक्त रंगाचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे हवेत. 30 एप्रिल 2025 ला त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. न उघडणाऱ्या मेन्यूकडं ‘छोटी तांत्रिक चूक’ म्हणून बघायचे दिवस तिथंच संपले.

आमच्याकडचे काही जण म्हणतात, महाड-पोलादपूरच्या गिऱ्हाइकाला एवढं कुठं कळतं? असं म्हणणाऱ्याने महाडच्या बाजारपेठेत फिरावं. 2021 चं पाणी कुठवर आलं होतं, ते इथला दुकानदार भिंतीवर बोट ठेवून दाखवतो आणि त्या हिशेबाने माल वर चढवतो. धोका काय असतो हे त्याला चांगलं कळतं. मेन्यूतला धोका तुम्ही त्याला दाखवलेलाच नाही.

तेव्हा गिऱ्हाइकांनो, नव्या थीमचे नमुने घेऊन कुणी दारात आला, तर आधी रंग बघू नका. घरातला सगळ्यात जुना फोन काढा, अक्षर दुप्पट मोठं करा, फोन त्याच्या हातात द्या आणि म्हणा, आता ‘संपर्क’ उघडून दाखव. उघडला नाही, तर आगाऊ रक्कम परत मागा.